तळ्याकाठच्या घराची पायरी

मी एक जुनी पायरी आहे. लाल दगडाची, मधोमध झिजलेली आणि डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेली. मित्रांनो, पायरीशी कुणी बोलत नाही. लोक पाय देतात आणि पुढे जातात. बरं, आमच्या नावावर म्हणी मात्र भरपूर. कुणी कुणाला पायरी ओळखून राहायला सांगतं, कुणी म्हणतं शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला हे ऐकून हसू येत असे. चुकतो चढणारा आणि नाव पायरीचं! पण म्हातारपणी, गुरुग्रामच्या पलीकडे एका तळ्याकाठी मी अशी अडकले, आणि माझ्यापायी एक माणूस असं अडकलं, की ते हसू पार मावळलं. तीच हकिगत सांगते.

माझा जन्म राजस्थानात, करौलीच्या बाजूच्या एका खाणीत झाला. पाथरवट छिन्नीने मला घडवत होता तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या देवळाला लागणार. ट्रक मात्र दिल्लीला आला आणि मला एका सरकारी कॉलनीत, तळमजल्याच्या क्वार्टरच्या दाराशी बसवलं. देऊळ नाही तर नाही. कॉलनीतली सगळी क्वार्टर्स सारखीच होती, त्यामुळे नवीन माणूस हटकून चुकीच्या दाराची कडी वाजवत असे. बदली झाली की माणसं जात, नवी येत. कुणी मला झाडत, कुणी तेही करत नसे.

मग एके दिवशी एक तरुण मराठी जोडपं राहायला आलं. अण्णासाहेब केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला होते. त्यांची पत्नी विजयालक्ष्मीबाई. पहिल्याच सकाळी बाईंनी बादलीभर पाणी ओतून मला धुतलं, हाताने चोळलं आणि माझ्यावर लहानशी रांगोळी काढली. खरं सांगते, त्या दिवशी मला देवळाची आठवण आली नाही.

बाई संध्याकाळी माझ्यावर बसत. हिवाळा असला की परातभर मटार सोलत. कॉलनीच्या कोपऱ्यावर ऑफिसची चार्टर्ड बस थांबे, अण्णासाहेब बॅग सांभाळत येत आणि बाई वर न बघताच म्हणत, "आलात?" मग जराशा बाजूला सरकून त्यांना जागा करून देत. दिवसभर हिंदीत वागलेली ती दोन माणसं माझ्यावर टेकली की मराठीत मोकळी होत. कुणाचं प्रमोशन अडलं, कुठल्या फाइलवर काय शेरा मारला, गावाकडून कुणाचं पत्र आलं, सगळं मी ऐकत असे. त्यांची मुलगी रेवती माझ्यावरून पडूनच चालायला शिकली. माझा टवका उडाला तो तिच्या तीनचाकी सायकलमुळे, पण मार बसला सायकलला.

अण्णासाहेबांविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. हा माणूस विचारल्याशिवाय काही करत नसे. क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी ते खात्याकडे अर्ज करत. शेजारपाजारचे लोक व्हरांडे बंद करून खोल्या वाढवत होते, आणि आमच्या घरी गणपतीची तसबीर खिळ्याच्या परवानगीची वाट बघत कपाटावर टेकून उभी असे.

ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि गुरुग्रामच्या टॉवरांच्या मागे त्यांनी घर बांधलं. मी मागेच राहिले. काही वर्षांनी सगळी कॉलनी पाडायला काढली. माझ्या आजूबाजूच्या पायऱ्या फुटून ढिगाऱ्यात गेल्या. उद्या आपली पाळी, असं मी धरून चालले होते, तोच अण्णासाहेब एक छोटा टेम्पो घेऊन हजर झाले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बाबूजी, पत्थर ही तो है, ले जाओ।" झालं ना काम? पण नाही! अण्णासाहेबांना दगड नेण्याची लेखी परवानगी हवी होती. तो माणूस आधी हसला, मग वैतागला आणि शेवटी त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या मागे दोन ओळी खरडून दिल्या. ते पाकीट खिशात घालून मगच त्यांनी मला टेम्पोत चढवलं.

नव्या घरी मला बघून बाई दारातच रडल्या. "वेडे आहात का तुम्ही? दगड काय आणता घरी!" असं म्हणत पदराने माझी धूळ पुसू लागल्या. तिथे व्हरांड्याच्या टोकाला आधीच पायऱ्या होत्या. त्यातली सगळ्यात वरची काढून तिच्या जागी मला बसवलं. अशी मी चौघींत थोरली झाले.

आता त्या घराची रचना नीट ऐका. तळ्याकाठी घरांची एक ओळ आहे. तिन्ही बाजूंनी घराला घर चिकटलेलं, त्यामुळे प्रत्येकाला दार एकच, तळ्याकडे. दारासमोर छत असलेला लांब व्हरांडा, माकडं येऊ नयेत म्हणून त्याला लोखंडी जाळी, जाळीच्या फाटकाशी आम्ही पायऱ्या, मग कडुनिंबाचं अंगण आणि पुढे तळ्याची पायवाट. जोतं मुद्दाम उंच घेतलं होतं, कारण गावातले म्हातारे सांगत की कधीकाळी इथे पाणी चढत असे. अण्णासाहेबांनी प्लॉट घेतला तेव्हा मात्र तळ्यात पाण्याचा थेंब नव्हता. लोक त्याला 'बड़ी झील' म्हणत आणि पोरं तिच्यात क्रिकेट खेळत.

पुढे सरकारने मनावर घेतलं. गाळ काढला, नाले वळवले, आणि दोन पावसाळ्यांत तळं भरलं. बगळे आले, पाणकावळे आले, हिवाळ्यात परदेशी बदकं आली. पाठोपाठ साहेब लोक आले आणि त्यांनी हद्दीचे दगड रोवले. दगडांच्या आत नवीन काही बांधायचं नाही, असलेल्याला काही जोडायचं नाही, वाढवायचं नाही, असा नियम झाला. आमचं अख्खं घर दगडांच्या आत गेलं. अण्णासाहेबांनी फलक शेवटपर्यंत वाचला आणि मान डोलावली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम नसता ना विजू, तर आतापर्यंत इथे मॉल उभा राहिला असता."

ते खोटं नव्हतं. नियमामुळेच ते पाणी वाचलं होतं. बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यावर बसत आणि ते पाणी डोळे भरून बघत. नंतर पायवाटेवर एक फेरी मारत. येणाऱ्याजाणाऱ्या बायका त्यांना "आंटीजी" म्हणून हाक देत, कुणी थांबून मोदकाची रेसिपी विचारत. तो काळ सुखाचा होता.

नियम सगळ्यांनाच लागू होता म्हणा. पण शेजारच्या चौधरीजींनी एकामागून एक आलेल्या सुट्ट्या गाठून वर मजला चढवला आणि पुढे पाण्यावर डोकावणारा लाकडी सज्जा काढला. त्या मजल्याने आमच्या व्हरांड्यातलं ऊन अडवलं. हिवाळ्यातलं ऊन आता अंगणातून सरकत माझ्या कडेशी येई आणि तिथेच थांबे.

आणि त्याच वर्षी, दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा, बाईंना अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला, बोलणं वाचलं, पण डावं अंग गेलं. त्या हॉस्पिटलातून चाकांच्या खुर्चीत घरी आल्या. चार माणसांनी खुर्ची उचलून आम्हां चौघींवरून वर नेली. चाकं माझ्या अंगाला लागलीसुद्धा नाहीत. फाटक लोटलं गेलं, आणि मित्रांनो, त्या दिवसापासून बाई आत आणि मी बाहेर. आमच्यात हातभर अंतर होतं.

तुम्ही म्हणाल, उचलून खाली आणायचं. आणलं ना! अण्णासाहेबांनी आणि चौधरीजींच्या ड्रायव्हरने एका सकाळी खुर्ची उचलली. दव पडलं होतं. अण्णासाहेबांचा पाय माझ्यावरून घसरला, खुर्ची कलली, आणि ड्रायव्हरने वेळेवर धरली म्हणून बरं, नाहीतर बाई सरळ अंगणात गेल्या असत्या. अण्णासाहेबांचा गुडघा माझ्यावर आपटला. मला सावरायला हात असते तर त्या दिवशी मी त्यांना धरलं असतं.

वर नेल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "आता पुरे. मला गाठोड्यासारखं उचलायचं नाही. तुम्हीपण पडाल आणि मीपण." त्यानंतर फक्त दवाखान्यासाठी त्या उचलू देत, तेही डोळे घट्ट मिटून.

मुलगी नोएडात नोकरी करत होती, दर रविवारी कॅबने येई. तिने खुर्चीसाठी घडीची लोखंडी उतरण, म्हणजे रॅम्प, मागवली. पण जोतं एवढं उंच की ती उतरण घसरगुंडीच झाली. रिकामी खुर्ची लावून बघितली, तर ती सुसाट कडुनिंबावर जाऊन आदळली. उतरण लांब हवी, जमिनीत पक्की रोवलेली हवी. म्हणजे बांधकाम आलं.

"बाबा, गवंडी बोलवा आणि करून टाका," रेवती म्हणाली. "दोन दिवसांचं काम आहे, यार."

अण्णासाहेबांनी काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांनी अर्ज केला.

ऑफिसातून राठी नावाचा तरुण इंजिनियर आला. हेल्मेट काखेत धरून त्याने जाळीआडच्या बाईंना नमस्कार केला, मोजमाप घेतलं, आणि मग माझ्यावर उभा राहून हळूच विचारलं, "सर, बुरा मत मानिए। आपने पूछा क्यों?"

"क्यों मतलब? परमिशन तो लेनी पड़ती है।"

"बना लेते तो शायद किसी की नज़र ही नहीं जाती। अब आपने लिख के पूछा है, तो हमें भी लिख के मना करना पड़ेगा। और अब इस घर पर सबकी नज़र रहेगी।"

अण्णासाहेबांना हे पटेना. एका ऑफिसने त्यांना दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने परत पहिल्याकडे. उन्हाळ्याच्या लूमध्ये, त्या गरम झळांत, हा म्हातारा डोक्याला पंचा गुंडाळून मेट्रोने फिरत होता. इतरांच्या दारी माझ्यासारख्याच किती पायऱ्या त्यांनी चढल्या असतील, देव जाणे. चौधरीजी सज्ज्यात चहा पिता पिता हळहळत. "अण्णाजी, हमने तो किसी से पूछा ही नहीं।" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच वाईट वाटत असे. पण त्यांच्या मजल्याची सावली आमच्या व्हरांड्यातून काही हलली नाही.

शेवटी नकार आला. अण्णासाहेबांनी तो व्हरांड्यात उभं राहून वाचला, घडी घातली आणि बाहेर येऊन माझ्यावर बसले, बाईंकडे पाठ करून. नोकरीभर किती लोकांच्या कागदांवर त्यांनी स्वतः 'नियमात बसत नाही' असा शेरा मारला होता, ते मीच तर रोज संध्याकाळी ऐकत होते. त्यांच्या चष्म्याखालून माझ्यावर टपटप पाणी पडलं.

त्या रविवारी रेवती भडकली. "बाबा, तुम्ही पण ना! या अख्ख्या ओळीत परमिशन मागणारे तुम्ही एकटेच!"

"जन्मभर दुसऱ्यांकडून नियम पाळून घेतले, आता स्वतःच्या दारात मोडू?"

"तुमचे नियम बाहेर मस्त फिरतायत," आतून बाई म्हणाल्या. "आत बसलेय ती मी."

त्यानंतर घरात कुणी या विषयावर बोलेना. बाई दिवसभर जाळीला नाक लावून बसत. पायवाटेवरच्या बायका सुरुवातीला फाटकाशी येऊन बोलत, मग लांबूनच हात करू लागल्या आणि नंतर तेही कमी झालं. सकाळचा चहा बाई आतच घेत. कप खाली ठेवला की त्यांची नजर माझ्यावर येई. माझ्या झिजलेल्या खळग्याकडे त्या एकटक बघत. तो खळगा त्यांच्याच बसण्याने पडलेला होता. मला वाटे, जमीन दुभंगावी आणि आपण खाली जावं. ज्या माणसाने मला प्रेमाने धुतलं, त्याच्याच वाटेत मी धोंड होऊन बसले होते, आणि मला हलता येत नव्हतं. पायरीला तुरुंगाचं दार व्हायला लागणं, याहून वाईट काय असणार?

भाद्रपद जवळ आला. एका रविवारी रेवती मोबाइल नाचवतच आली. नियमांतच एक सवलत होती. लग्न किंवा सणासाठी लाकडाचा, बांबूचा तात्पुरता मांडव घालता येतो, कार्य संपलं की काढायचा. अण्णासाहेबांनी लगेच राठीला फोन लावला, आणि अर्थातच विचारलं.

"जी सर, लकड़ी का टेम्पररी चलेगा," राठी म्हणाला. "जब तक आपके भगवानजी बैठे हैं, तब तक।"

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला, पण बाईंनी तेवढ्यात मान हलवली. "आपला गणपती दीड दिवसाचा," त्या म्हणाल्या.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. मराठी घरात गणपती किती दिवस बसवायचा, हे प्रत्येक घराचं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कुणाचा दीड दिवस, कुणाचा पाच, कुणाचा दहा. तो कुळाचार असतो. मनात आलं म्हणून कुणी तो बदलत नाही. आणि जो माणूस परवानगीशिवाय खिळा ठोकत नाही, तो देवघरातला नियम कसा मोडणार?

मग अण्णासाहेब म्हणाले, "यंदा दहा दिवसांचा बसवू."

"अहो, भलतंच काय! एकदा वाढवला की दर वर्षी वाढवावा लागतो म्हणतात."

"मग दर वर्षी बसवू."

"मामंजींच्या काळापासून दीड दिवस आहे. तुम्ही विचारलंत कुणाला?"

"नाही विचारलं," अण्णासाहेब म्हणाले. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

चतुर्थीच्या आधीच लांबलचक फळ्या आल्या. बांबूच्या आधाराने फाटकापासून पार कडुनिंबापर्यंत सौम्य उतार झाला. मी जवळजवळ सगळी झाकली गेले, एक कड तेवढी उघडी राहिली. त्या कडेवर अण्णासाहेब पाटावर मूर्ती घेऊन उभे राहिले. बाईंनी उजव्या हाताने त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि ओवाळलं. पाणी ओघळून माझ्यावर आलं. आरती झाली, आणि मग रेवतीने खुर्चीला मागून हात लावला, तशा बाई म्हणाल्या, "धरू नकोस. नुसती सोबत चल."

एक हात चाकावर, एक चांगला पाय फळीवर, असं करत, थोडी तिरकी जात, त्यांची खुर्ची उतरली. फळ्यांखाली अंधार होता, मला काही दिसत नव्हतं. फक्त चाकांची घरघर डोक्यावरून गेली आणि दूर अंगणात थांबली. मग बाईंचा आवाज आला, "अगं बाई, केवढं पाणी आहे!"

ते दहा दिवस घराला घरपण होतं. दिल्लीहून मंडळाच्या बायका मेट्रोने आल्या, टाळ्या वाजवून आरत्या म्हणाल्या. चौधरीजींची बायको रोज मोदक खायला येई आणि रोज रेसिपी लिहून घेई. बाई सकाळी चहा घेऊन कडुनिंबाखाली जात, उकाड्याने कपाळ पुसत, पण आत जायचं नाव काढत नसत. पायवाटेवरच्या बायका पुन्हा थांबू लागल्या.

अनंत चतुर्दशी यायची ती आलीच. तळ्यात विसर्जनाला मनाई, म्हणून अंगणातच मोठ्या टबात शाडूची मूर्ती सोडली. सगळ्यांनी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं. बाईंसाठी त्याचा अर्थ सरळ होता. आता पुढचा भाद्रपद येईपर्यंत जाळी.

दुपार कलल्यावर राठी मोटारसायकलवरून आला. फळ्या काढल्याचा फोटो त्याला वर पाठवायचा होता. अण्णासाहेब म्हणाले, "विजू, चल आत. दिलेला शब्द पाळायला हवा. फळ्या काढायच्यात."

बाई कडुनिंबाखाली होत्या. त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला. "काढा की. मी इथेच आहे."

"अगं, फळ्या काढल्यावर वर कशी जाशील?"

"नाही जाणार. तुम्ही तुमचा शब्द पाळा. मला आत जायचंच नाही."

रेवतीने समजावलं, चौधरीजी सज्ज्यातून खाली आले, राठी हात जोडून म्हणाला, "मैडम, प्लीज़, मेरी नौकरी का सवाल है।" बाई त्याला म्हणाल्या, "बेटा, तुम अपना काम करो। मैंने कहाँ रोका है?"

अण्णासाहेबांनी स्वतःच्या हाताने फळ्या उचलल्या. राठीने फोटो काढला. मला पुन्हा उजेड दिसला. समोर अंगणात बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या आणि दाराच्या मध्ये आम्ही चौघी उभ्या. आता घरच त्यांना बंद झालं होतं. तळ्यावर टिटवी ओरडत होती.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग विचारलं, "राठीजी, बनाना मना है। जोड़ना मना है। तोड़ना मना है क्या?"

"जी?"

"ये सीढ़ी निकाल दो। बरामदे की ज़मीन दरवाज़े से यहाँ तक तिरछी काट दो। एक ईंट नई नहीं लगेगी।"

राठीने व्हरांड्याकडे बघितलं. त्याची लांबी चांगली ऐसपैस होती. दारापासून अंगणापर्यंत उतार सहज निघाला असता. वर काही चढणार नव्हतं, होतं ते कमीच होणार होतं.

अण्णासाहेब मात्र पुढे झाले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "विजू, ही आपल्या क्वार्टरची पायरी आहे. तुझी पायरी आहे ही."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "काढा ती."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की बाई बरोबर बोलतायत, काढा मला! पण मी दगड. मी नुसती वाट बघत राहिले.

अण्णासाहेब राठीकडे वळले. अर्थात विचारायला. त्यांनी तोंड उघडलं, "तो राठीजी, इसके लिए..."

"सर," राठीने त्यांना थांबवलं. "मुझसे पूछिए मत। तोड़ने के बारे में कहीं कुछ लिखा नहीं है। लेकिन आप पूछेंगे, तो मुझे ऊपर पूछना पड़ेगा।" मग हेल्मेट काखेत धरून तो पायवाटेवर गेला आणि आमच्याकडे पाठ करून बदकं बघत उभा राहिला. भाद्रपदात बदकं नव्हती तळ्यात, तरी बघत राहिला.

अण्णासाहेबांचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. अख्ख्या जन्माची सवय ओठांवर येऊन थांबली होती. मग त्यांनी हळूच तोंड मिटलं आणि चौधरीजींना म्हणाले, "चौधरीजी, आपके पास पहार, मतलब, सब्बल है?"

"है जी," चौधरीजी म्हणाले आणि धावतच गेले.

पहिली निघाले ती मी. पहारेचं टोक माझ्याखाली शिरलं, चुना सुटला, आणि अण्णासाहेब ड्रायव्हरवर सारखे ओरडत होते, "धीरे भाई, धीरे! तोड़ना नहीं, निकालना है!" माझ्या तिघी बहिणींना ते भाग्य लाभलं नाही. त्या फुटल्या आणि गेल्या. त्यांची आठवण येते. रेवती आईला घेऊन काही दिवस नोएडाला गेली, आणि तेवढ्यात व्हरांडा दारापासून अंगणापर्यंत तिरपा कापून झाला.

बाई परत आल्या त्या दिवशी कुणी त्यांना उचललं नाही. त्या खालून वर गेल्या, दाराला हात लावला, खुर्ची वळवली आणि पुन्हा खाली आल्या. असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा अण्णासाहेब म्हणाले, "दमशील गं." बाईंनी ऐकलं नाही.

उद्या एखादा नवा साहेब येऊन यावरही काही काढेल. तळ्याकाठचं कुणी सांगावं! मी मात्र आता पायरी राहिले नाही. कडुनिंबाखाली मला नुसतंच ठेवलंय. कुठे जोडलेली नाही, रोवलेली नाही, म्हणजे मी कुणाच्याच नियमात येत नाही. माझ्यासारखी जुनी वस्तू तुम्हांला नेहमी सांगते की आम्हांला जपा, फेकू नका. माझं मागणं थोडं वेगळं आहे. जपाच, पण जुन्या वस्तूने घरातल्या माणसाची वाट अडवली, तर तिला प्रेमाने उचला आणि बाजूला ठेवा. तिला राग येत नाही. मी सांगते ना.

परवा थंडी सुरू झाली. ऊन कडुनिंबापर्यंत आलं होतं. बाई खुर्चीत बसून मांडीवरच्या परातीत एका हाताने मटार सोलत होत्या. फार सांडत होते, पण सोलत होत्या. पायवाटेवर पावलं वाजली, अण्णासाहेब बाजारातून पिशवी सांभाळत आले. बाईंनी वर न बघताच म्हटलं, "आलात?" आणि चाकाला हात लावून खुर्ची जराशी सरकवली. मग अण्णासाहेब माझ्यावर बसले.